लहानपणीचा खाऊ मुंबईत कसा शोधायचा, आणि चीक मिळालाच तर काय करायचं

गेली पाच-सहा वर्षं हा उद्योग करतोय म्हणून लिहितोय. परळची चाळ सोडून कांदिवलीला येऊन जमाना झाला, वय पन्नाशीला टेकलं, आणि एक दिवस उगाच खरवस खावासा वाटला, खऱ्या चिकाचा, म्हणजे गाय-म्हैस व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचा. आणला विकत. पिवळाधमक, गुळगुळीत, चमचा लावला की थरथरतोय. चायना ग्रास घालून घट्ट केलेलं साधं दूध होतं ते. बायको म्हणाली पुडिंग म्हणून चांगलंय की, आणि खरंच चांगलं होतं, पण मी पुडिंग आणायला गेलो नव्हतो ना.

तर पहिलं काम, "कुठे मिळतं" हे विचारणं बंद करा. सगळे हेच विचारतात, मग कोणीतरी वीस वर्षांपूर्वीच्या दुकानाचं नाव सांगतं, तुम्ही दोन ट्रेन बदलून जाता आणि तिथे मोबाईलचे कव्हर विकणारा बसलेला असतो. विचारायचं ते असं, की हे आपण कधी खायचो आणि ते कोण आणायचं. शाळा सुरू असताना की मे महिन्यात? दुकानात की दारावर? बसलेल्या बाईकडे की डोक्यावर टोपली घेतलेल्या? मी एक जुनी वही घेऊन बसलो आणि आईला फोन लावून एकेक लिहून काढलं, आईला वस्तूंपेक्षा माणसंच जास्त आठवत होती, त्याचाच उपयोग झाला.

कंपनीच्या मालाचं आधी उरकून टाकतो. गोल्ड स्पॉट शोधत असाल तर सोडून द्या, १९९३ साली पारलेवाल्या चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट सगळं कोका कोलाला विकलं, त्यातलं थम्स अप जगलं आणि गोल्ड स्पॉट गेलं. जुन्या बाजारात बाटली मिळेल, रिकामी. रोला कोलाचं मात्र उलटं झालं, पारलेने बंद केलेली गोळी, २०१९ मध्ये एकाने ट्विटरवर विचारलं की परत आणायला काय करावं लागेल, कंपनी म्हणाली १० हजार रिट्विट आणा, लोकांनी आणले, गोळी परत आली. म्हणून कंपनी जिवंत असेल तर सरळ लिहून विचारा, लाजायचं काय त्यात. रावळगावच्या गोळ्या, पान पसंद वगैरे, २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतल्या, त्यामुळे पाकीट वेगळं दिसलं तर डुप्लिकेट समजून परत ठेवू नका. आणि ते ऑनलाइन "बचपन की यादें" छाप डबे असतात ना, जीरागोळी, बोरकूट, फँटम सिगारेट सगळं एकत्र, ते माझ्या मते घेऊच नयेत. मी घेतला, सगळ्याला पुठ्ठ्याचा वास होता.

मग हंगामाचा माल. यातलं मुंबईतून जवळजवळ काहीच गेलेलं नाहीये, आपण वेळ चुकवतो एवढंच. बोरं संक्रांतीच्या आसपास, विलायती चिंच त्यानंतर, ताडगोळे एप्रिलपासून, करवंदं आणि तोरणं मे महिन्यात, जांभळं पहिल्या पावसाच्या आगेमागे. आणि हे सुपरमार्केटच्या थंड कपाटात बघायचं नाही. पालघर, डहाणूकडून आणि तिकडे कसारा, कर्जतकडून ज्या बाया सकाळच्या लोकलने टोपल्या घेऊन येतात त्या बोरिवली, दादर, ठाणे, कल्याणला स्टेशनच्या बाहेर पुलाच्या पायथ्याशी बसतात. दहाच्या आत जा, अकरानंतर एकतर माल संपतो नाहीतर पालिकेची गाडी येते म्हणून सगळं गुंडाळून त्या उठतात. सुट्टे पैसे न्या. आणि घासाघीस करू नका हो प्लीज, फांद्यांवर काटे असताना एकेक करवंद तोडलेलं असतं.

मी काय करतो सांगतो. एका मावशींकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली की विचारतो, पुढच्या आठवड्यात काय आणणार? त्या सांगतात. अळू येतील म्हणाल्या एकदा. भाजीचं अळू नाही, फळ, तपकिरी गोल, आत चार-पाच बिया, पिकलं की मऊ होतं. मी ते तीस वर्षांत बघितलं नव्हतं आणि ते माझ्या स्टेशनपासून दोन स्टेशनं पुढे दरवर्षी येत होतं. वसईची सुकेळी पण अशीच विचारून मिळवावी लागतात. राजेळी केळी पिकवून सोलून उन्हात वाळवतात, करणारी घरं थोडीच उरलीत, आगाशीकडे चौकशी करा, पण पावसाळा संपून ऊन नीट पडायला लागलं की मगच, जुलैत विचाराल तर लोक हसतील.

बेकरीचं जरा वेगळं. मावा केकसाठी ग्रँट रोड स्टेशनसमोर १९१४ पासूनचं मेरवान होतं, सकाळी जायचं, दुपारी जाऊन रडायचं नाही, आता तेही बंद झालं. पण मला पाहिजे होती ती चाळीतली नानकटाई. म्हणजे रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचं, बेकरीवाला मळून भाजून द्यायचा, किलोवर मजुरी, आणि आपण पत्र्याचा डबा घेऊन भट्टीच्या उबेला बसून राहायचं. कोणाची कुठली हे कळावं म्हणून आमची आई मळलेल्या गोळ्यावर चारोळी लावायला सांगायची आणि शेजारच्या काकी पिस्ता, तरी अदलाबदल व्हायचीच, पिस्तावाली आमच्याकडे आली की आम्ही गप्प. आता असं भाजून देणारे विचारावे लागतात, जुन्या वस्तीतल्या छोट्या बेकऱ्यांत दिवाळीच्या पंधरा दिवस आधी जाऊन विचारा, ऐन दिवाळीत कोणी उभं करत नाही. त्यात २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी ठीकच आहे ते, माझी तक्रार नाही, पण लाकडाच्या भट्टीतलीच हवी असं डोक्यात धरून बसू नका. घरी करायची तर २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे रवा, वेलची. तूप थिजलेलं घ्या आणि साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसा, सगळी करामत तिथेच आहे.

आता खरवस, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं.

चीक म्हणजे गाय-म्हैस व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध. त्यात प्रोटीन इतकं असतं की नुसत्या वाफेवर ते आपोआप धरतं, बाकी काही घालावं लागत नाही. मला वाटायचं मुंबईत एवढे तबेले आहेत, जोगेश्वरी-गोरेगावकडे चक्कर मारली की काम झालं. नाही झालं. एका तबेल्यातल्या माणसानेच समजावलं, शहरातल्या तबेल्यात बऱ्याचशा म्हशी व्यायलेल्याच विकत आणतात आणि दूध आटलं की बाहेर पाठवतात, म्हणजे म्हैस व्याते ती दुसरीकडेच, मग चीक इथे येणार कुठून. म्हणून घरची गाई-म्हशी ठेवणारा माणूस शोधा, वसई-विरार, पालघर, बदलापूर, कर्जत या पट्ट्यात. तुमच्या दूधवाल्याला विचारा, ऑफिसात तिकडून येणारं कोणी असेल त्याला विचारा, आणि नंबर देऊन ठेवा. मी चार जणांना नंबर दिला होता, आठ महिन्यांनी एकाचा फोन आला, पहाटे पावणेसहाला, "साहेब, व्याली."

न्यायला जाताना झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा आणि पिशवीत बर्फ. दोन गोष्टी विचारून घ्या. एक, वासराचं पिऊन झालंय ना, आधी त्याचा हक्क. दुसरी, चीक कितव्या दिवसाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून.

माझा पहिला प्रयत्न असा झाला. पहिल्या दिवसाचा चीक, घट्ट, हळदीसारखा पिवळा, मी आनंदाने तसाच गूळ घालून कुकरला लावला आणि तीन शिट्ट्या केल्या. उघडला तर वीट. सुरीने कापताना आवाज येत होता. आईला फोन केला तर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "अरे पहिल्या दिवसाचा चीक कोणी नुसता लावतं का, आणि शिट्टी कशाला काढलीस, डाळ होती का ती?"

तर पहिल्या दिवसाचा असेल तर १ वाटी चिकाला २ वाट्या साधं दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर बरोबरीने, तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध अगदी थोडं किंवा नाहीच. हे अंदाजाचं माप आहे, म्हणून एका छोट्या वाटीत थोडं मिश्रण आधी वाफवून बघायचं, कडक झालं तर दूध वाढवा, धरलंच नाही तर चीक. ही वाटी टाळू नका, सगळा चीक वाया जाण्यापेक्षा बरं. गूळ किसून थंड दुधातच विरघळवायचा, गरम करायला गेलात तर फाटेल. तीन वाट्यांना पाऊण वाटी गूळ मला पुरतो. गाळून घ्या, गुळात काहीही निघतं. वेलची, जायफळ, संपलं. डब्यावर झाकण ठेवा नाहीतर वाफेचं पाणी वर पडून खड्डे पडतात, कुकरला शिट्टी लावू नका, आणि मध्यम आचेवर २०-२५ मिनिटं. सुरी स्वच्छ बाहेर आली की बंद. चीक कच्चा चाखायचा नाही. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, हे माझ्या मुलाला अजून जमलेलं नाही.

कापल्यावर आत बारीक जाळी दिसली आणि कडेला थोडं पाणी सुटलं तर घाबरू नका, असंच पाहिजे. जास्त चीक मिळाला तर फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचा.

चीक देणाऱ्याकडे परत जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. मी डब्यात चार वड्या घालून नेल्या, त्याने तिथेच उभ्या उभ्या एक तोंडात टाकली, जरा वेळ चघळली आणि म्हणाला, "बरा झालाय. गूळ कमी पडला."