दम लागतो म्हणून बसून राहू नका, सीओपीडीवाल्यांच्या घरासाठी

आमच्या आईने आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही तरी तिला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) निघाला, कारण गावाकडे तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला आणि तो सगळा धूर छातीत गेला. "वय झालं, दम लागणारच" म्हणत आम्हीही बरीच वर्षं घालवली, शेवटी स्पायरोमेट्री केली (नळीत जोरात फुंकायची टेस्ट) तेव्हा कळलं. तुमच्या घरात कोणाला चढ चढताना धाप लागत असेल, महिनोन् महिने खोकला असेल तर ही टेस्ट करून घ्या.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही तिला बसवून ठेवलं, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यायचो. पण हलणं बंद झालं की पायातली ताकद जाते आणि मग तेवढ्याच कामाला आधीपेक्षा जास्त दम लागतो, म्हणून माणूस अजूनच बसतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारून चालणं सुरू करा. पहिले काही दिवस अंगणात पाचच मिनिटं, मग एकेक मिनिट वाढवा, चालताना थोडं बोलता आलं पाहिजे, शब्दच फुटत नसेल तर थांबा. थंडीत पहाटे नको, ऊन आल्यावर जा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं बसायचं, जमेल तेवढ्या वेळा, हाही चांगला व्यायाम आहे.

दम लागला की घाबरून भराभर श्वास घेतला जातो, पण या आजारात हवा आत अडकते, म्हणून लक्ष बाहेर सोडण्यावर ठेवायचं. नाकाने दोन आकडे मोजत आत, मग गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून चार आकडे मोजत हळू बाहेर. बसून पुढे वाकायचं, कोपरं मांडीवर टेकवायची. वाकायचं, उचलायचं, जिना चढायचा, जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा. आंघोळ स्टुलावर बसून.

श्वासातून औषध ओढायच्या पंपाचं तंत्र डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवाच, कारण कॅप्सूल गिळणारी माणसं मी पाहिलीत! रोटाकॅप (औषधाच्या पावडरची कॅप्सूल) मशीनमध्ये टाकून जोरात खोल ओढायची, स्प्रेचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सावकाश ओढायचा, दोन्हीत श्वास दहा सेकंद धरायचा. आधी श्वास बाहेर सोडताना मशीनमध्ये सोडू नका, पावडर ओली होते. स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही.

घरात धूर नकोच. गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच, ते काम दुसऱ्याने उघड्यावर करावं. मच्छर कॉइल, धूप, ढीगभर उदबत्त्या बंद, मच्छरदाणी लावा, होळी आणि फटाक्यांच्या वेळी खिडक्या लावून घ्या. घरात कोणी विडी ओढत असेल तर ती सुटलीच पाहिजे.

पोट गच्च भरलं की श्वास अडतो म्हणून थोडं थोडं चार पाच वेळा खायला द्या. वजन उतरायला लागलं तर दुर्लक्ष नको, डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे वाढवा. दही केळं सगळ्यांनाच बाधतं असं नाही, उगाच सगळं तोडू नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

घरी ऑक्सिजन दिला असेल तर फ्लो आपल्या मनाने वाढवू नका. पाहुणे येतात, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० बघून घाबरतात, पण अशा बऱ्याच पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. आणि देवापुढचा दिवा, गॅस, विडी त्या नळीपासून लांब!

बेडका पिवळा हिरवा झाला, वाढला, दम नेहमीपेक्षा जास्त, पायावर सूज, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ निळे पडले, पेशंट बरळायला लागला किंवा उठवूनही नीट जागा होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.