वळणात रेसवरून पाय उचलू नका: ट्रॅकवर गाडी शिकताना या चुका टाळा

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगचं आवार कापसाचा हंगाम आटोपला की रिकामं पडतं. गंजी उठलेल्या, सरकी गेलेली, समोर नुसतं सपाट सिमेंट. जुलैमध्ये पेरण्या झाल्या आणि पोरांना जरा उसंत मिळाली की आम्ही तिथे जमतो. आवार ओलं करायचं काम पाऊसच करतो. आम्ही प्लास्टिकचे कोन मांडतो आणि एका जुन्या हॅचबॅकमध्ये एकेकाला बसवून गाडी घसरू द्यायला आणि घसरलेली आवरायला शिकवतो. नऊ वर्षं हे चाललंय. यातले काही जण पुढे माझ्याबरोबर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर येतात. आणि दर वर्षी, पोरं नवी असली तरी, चुका त्याच असतात. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडीची मर्यादा म्हणजे स्पीडोमीटरचा काटा नव्हे. टायर जमीन धरून आहे आणि आता सोडतोय, यांच्यामधली जी चिंचोळी जागा असते, ती मर्यादा. १५ मीटर त्रिज्येचं गोल आखा. ओल्या सिमेंटवर त्या गोलात गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच घसरायला लागते. पुढची चाकं सरकायच्या जरा आधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं. ज्याच्या हाताला हा हलकेपणा कळला, त्याचं निम्मं शिक्षण झालं. इथे चूक झाली तर कोन आडवा होतो. तीच चूक चेन्नईत १३० ला झाली तर काय होतं, ते पुढे सांगतो.

पहिली चूक हायवेवर शिकण्याची. समृद्धी महामार्ग झाल्यापासून हे फार वाढलंय. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता दिसला की पोट्ट्यांच्या पायाला खाज सुटते. "भाऊ, मी गाडी एकशे साठले नेली, काईच नाई झालं," असं मला येऊन सांगतात. अरे, सरळ रस्त्यावर १६० ला गाडी तुला काहीच शिकवत नाही. तिथे इंजिन काम करतं, तू नुसता बसलेला असतोस. कारसाठी तिथे १२० ची मर्यादा आहे. आपल्या भागात रात्री रोही (नीलगाय) कुठून आडवा येईल याचा नेम नसतो, आणि पुढच्या ट्रकमध्ये कोणाचा तरी बाप बसलेला असतो. ज्याला सार्वजनिक रस्त्यावर हे करायचंय, त्याला मी शिकवत नाही. दोघांना परत पाठवलंय आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

आता माझ्या सगळ्यात जिव्हारी लागलेली चूक, म्हणजे वळणात घाबरून रेसवरून (अ‍ॅक्सिलरेटरवरून) पाय उचलणं.

वणीकडचा एक पोरगा होता. हाताचा चांगला, आवारात दोन पावसाळे घालवलेला. चेन्नईला तिसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या तिसऱ्या पाळीत, मी त्याच्या शेजारी बसलो होतो. एका लांब, वेगवान वळणात तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेगाने शिरला. थोडाच. गाडीने ते वळण घेतलं असतं. पण त्याला वाटलं की जमणार नाही, आणि त्याने पाय उचलला, झटक्यात, विस्तव लागल्यासारखा. तसं करताच गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलं. मागची चाकं हलकी झाली आणि मागची बाजू बाहेर निघाली. आधी काचेतून समोर ट्रॅक दिसत होता, मग गवत, मग आम्ही आलो तो रस्ता. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी असंच होतं. "आपली गाडी फ्रंट व्हील आहे, ती फिरत नाही," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही.

पण खरी चूक त्यानंतर झाली. गाडी फिरत असताना मी ओरडलो, "दोन्ही पाय!" म्हणजे क्लच आणि ब्रेक, दोन्ही पुरते खाली. त्याने दाबले. गाडी अर्धी फिरून मंदावली, आणि त्याला वाटलं झालं, म्हणून थांबायच्या आधीच ब्रेक सोडला. सोडल्याबरोबर टायरांनी पुन्हा जमीन धरली आणि गाडीचं तोंड ज्या दिशेला होतं तिकडे ती सुटली. तोंड भिंतीकडे होतं. मी हँडब्रेक ओढला, त्याने पुन्हा ब्रेक मारला, आणि टायरांच्या भिंतीपासून दोन-अडीच हातांवर गाडी थांबली. कितीतरी वेळ दोघंही बोललो नाही. मग तो म्हणाला, "भाऊ, मले वाटलं थांबली." त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते, मी एकेक बोट धरून सोडवलं.

म्हणून माझी सवय सांगतो. शास्त्र काय म्हणतं ते पुस्तकात वाचा, मी असं करवून घेतो. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आत शिरताना थोडा कमी वेग चालेल. मग रेसवर पाय हलका ठेवायचा, तळव्याखाली पिकलेलं सीताफळ आहे आणि ते फुटू द्यायचं नाही, इतका हलका. पुढची चाकं सरकून गाडी बाहेर जायला लागली तर रेस किंचित ढिली करायची आणि स्टिअरिंग जरासं मोकळं करायचं. नवखा माणूस नेमकं उलट करतो, स्टिअरिंग आणखी पिळतो. टायर आधीच घसरतोय, जास्त वळवून तो काय धरणार? रेस ढिली करणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं. हा फरक बोलून कळत नाही. आवारातल्या गोलात पन्नास फेऱ्या मारल्या की पायाला आपोआप कळतो. आणि गाडी फिरलीच, तर दोन्ही पाय खाली आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत तिथेच. हे मी प्रत्येकाकडून उभ्या गाडीत वीस वेळा म्हणवून घेतो. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

नजरेबद्दल. लहानपणी तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला बाबा न्यायचे. मी बैलांकडे पाहायचो, ते मला जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याकडे पाहायला लावायचे. जोडी सुटली की त्याची नजर पटाच्या टोकाला लागलेली असायची, बैलांच्या पाठीवर नाही. गाडीत तेच. बॉनेटसमोरच्या दहा फुटांकडे पाहणाऱ्याचे हात सतत दचकत राहतात. वळणात शिरताना मान फिरवा आणि वळण जिथे संपतं तिथे पाहा. घसरलात तर भिंतीकडे पाहू नका, जिथे जायचंय तिकडे पाहा, कारण हात नजरेमागे जातात.

वळता वळता जोरात ब्रेक मारण्याची चूक शेतकऱ्याच्या पोराला समजावणं सोपं आहे. एका टायरची जमिनीला टेकलेली जागा साधारण हाताच्या पंज्याएवढी असते. पकड तेवढीच. एका मोटरचं पाणी दोन शेतांत सोडायचं असलं, आणि दोन्ही वाल पूर्ण उघडले, तर कुठलंच शेत धड भिजत नाही. ब्रेकचा वाल पूर्ण उघडा असेल तर वळणाला पाणी उरत नाही. पुढे हात बसला की एक वाल हळूहळू बंद करत दुसरा हळूहळू उघडता येतो, म्हणजे ब्रेक सोडत सोडत गाडी वळवता येते. पण ते दुसऱ्या वर्षी. पहिल्याच दिवशी रीलमध्ये पाहिलेलं करायला जाणाऱ्याला मी खाली उतरवतो आणि कोन उचलायला लावतो.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागला की पेडल पायाखाली थरथरतं आणि नवखे घाबरून पाय ढिला करतात. ढिला करू नका. आवारात दहा वेळा मुद्दाम जोरात ब्रेक मारून ती थरथर ओळखीची करून घ्या. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरायला मदत करणारी यंत्रणा, मात्र चालूच ठेवा.

आता ब्रेक ऑइल. हा माझा स्वतःचा प्रसंग आहे.

चेन्नईच्या माझ्या दुसऱ्याच खेपेला निघण्याआधी एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल बदलून घेतलं होतं. म्हणजे बदललं असं मला सांगितलं होतं आणि मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पाचव्या फेरीत पेडल जरा मऊ लागलं. गरम झालं असेल म्हटलं आणि आणखी एक फेरी मारली. त्या फेरीत ट्रॅकच्या सरळ भागाच्या शेवटी ब्रेक मारला तर पेडल थेट तळाला गेलं. गाडी १२० च्या वर होती. पेडल भराभर तीन वेळा मारलं, तिसऱ्यांदा थोडा दाब आला, चौथ्यातून तिसऱ्यात टाकली, आणि वळायचा प्रयत्न न करता गाडी सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊ दिली. गाडी वाचली. ट्रॅकच्या कडेला ती मोकळी जागा ठेवलेली असते ती याचसाठी. हायवेच्या कडेला काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

परत आल्यावर मी टाकीचं झाकण उघडलं. ऑइल चहासारखं काळपट होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी ओढलं की हाच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ ला तर नवं असताना २०५ आणि पाणी ओढल्यावर १४०. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दबते, आणि तुमच्या पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. आणि ट्रॅकवर ब्रेकला रस्त्यापेक्षा किती काम पडतं ते पाहा: ६० वरून थांबायला जेवढी उष्णता निघते, त्याच्या चौपट १२० वरून निघते. ती दर फेरीत, पुन्हा पुन्हा.

तेव्हापासून मी ऑइल स्वतः बदलतो, आमच्या इकडचा पावसाळा संपल्यावर आणि चेन्नईला निघायच्या आधी, सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून. अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही. पेडल मऊ लागलं की तीच फेरी शेवटची. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारायची, म्हणजे हवेने सगळं थंड होतं. आणि आत येऊन उभं राहिल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले पॅड किंवा लायनर एकाच जागी दाबून धरायचे नसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे वीट लावा. माझ्या डिकीत दोन विटा कायम असतात, पुसून, गोणपाटात बांधून.

टायरमधल्या हवेचंही लोक असंच करतात. घरून भरून निघतात आणि पुन्हा पाहतच नाहीत. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो, आणि चार फेऱ्यांत टायर चांगलाच तापतो. मी सेशनआधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे टेकणारा भाग बाजूकडे वळतो त्या कडेवर, खडूने तीन रेघा मारतो. परत आल्यावर खडू कुठपर्यंत पुसला गेला ते पाहतो. पार बाजूच्या भिंतीपर्यंत गेला असेल तर टायर मुडपतोय, हवा कमी आहे. खडू खांद्याला पोचलाच नसेल तर हवा जास्त आहे. पाच रुपयांच्या खडूत एवढं कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. सीट फार मागे घेऊ नका: पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. पाण्याची बाटली, मॅट, देव्हाऱ्यातली मूर्ती, सगळं बाहेर काढा. बाटली ब्रेकखाली गेली की कोणी वाचवत नाही. बोलेरो-स्कॉर्पिओसारखी उंच गाडी आणू नका, ती घसरण्याऐवजी उलटू शकते. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं. चाकाचे नट पहिल्या सेशननंतर पुन्हा पान्याने पाहा. खासगी गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, पॉलिसी वाचून घ्या. झेंड्यांचे अर्थ आदल्या रात्री पाठ करा. पिवळा दिसला की हळू आणि ओव्हरटेक बंद, एवढं तरी. मोबाइलवर फेरीची वेळ मोजणं पहिल्या दिवशी नाहीच, मोबाइल माझ्या पिशवीत जमा.

आणि झोप. हिंगणघाटहून हैदराबादमार्गे चेन्नई हजार किलोमीटरच्या वर आहे. रात्रभर गाडी हाणून सकाळी थेट ट्रॅकवर उतरलेला माणूस मला नको. आम्ही एक दिवस आधी पोचतो, जेवतो आणि झोपतो. परतीचं त्याहून कठीण, कारण दिवसभर ट्रॅकवर दाबलेल्या पायाला रस्त्यावर ८० चा वेग उभा राहिल्यासारखा वाटतो. म्हणून निघताना किल्ली माझ्याकडे असते. पोरं मागे झोपतात, आणि हैदराबादपर्यंत गाडी मी चालवतो.