टेन्शनरचे दात मोजा, खडखडीची वाट पाहू नका

बाइकच्या इंजिनात व्हॉल्व्हची चाल जुळवणारी टायमिंग चेन वाजायला लागल्यावर, तिला ताणून धरणारा टेन्शनर उघडणारे खूप. मी तो गाडी शांत असतानाच उघडते, दर दहा हजार किलोमीटरला. कारण टेन्शनर चेनची झीज झाकून ठेवतो. चेनच्या पिना आणि बुश झिजले की चेन लांबते, टेन्शनरमधली स्प्रिंग प्लंजरला, म्हणजे चेनकडे सरकणाऱ्या दांड्याला, पुढे ढकलते, रॅचेटचा (दांडा मागे येऊ न देणाऱ्या दातांचा) एक दात सरकतो आणि सगळं पुन्हा गप्प. दात संपत आले की मग खडखड ऐकू येते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

कान मात्र रोज लावा. थंड इंजिन सुरू केल्यावर, स्लो चालताना किंवा रेस सोडताना विस्कळीत खडखड आली तर ती बहुधा चेनची. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज एकसारखा, टिकटिक. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेन्शनरच्या बॉडीवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की फरक लगेच कळतो.

ऑइल वेळेवर बदला आणि लेव्हल राखा. हायड्रॉलिक टेन्शनर तर ऑइलच्या प्रेशरवरच चालतो. पुढची रीत त्याच्यासाठी नाही, ती स्प्रिंग आणि रॅचेटवाल्यासाठी आहे.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लग काढा, मॅग्नेट कव्हरवरची झाकणं काढा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने फिरवून ‘टी’ची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा. दोन्ही टॅपेट सैल लागले पाहिजेत. नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. उलटं फिरवू नका, कारण तेव्हा चेनचा ताण टेन्शनरच्या बाजूला येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी टेन्शनरचा मधला बोल्ट काढायचा, अंगठा दाबून धरूनच, कारण त्याच्यामागे स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग बाहेर आली की मगच बॉडीचे दोन बोल्ट थोडे थोडे सोडायचे. हा क्रम मी एकदा मोडला होता. तेल झिरपतंय म्हणून स्प्रिंग आत असतानाच दोन्ही बोल्ट चार आटे सैल केले, गॅस्केट पाहिलं आणि परत आवळले. तेवढ्यात प्लंजर पुढे सरकून अडकला होता. गाडी बारीक सुरात रडायला लागली. नंतर उघडलं तेव्हा चेनने गाईडच्या (चेन जिच्यावरून घसरते त्या पट्टीच्या) रबरात दोन खोल चऱ्या पाडल्या होत्या. बोल्ट जरा जरी सैल केला, तरी टेन्शनर पूर्ण काढून रीसेट केल्याशिवाय पुन्हा आवळायचा नाही.

स्प्रिंग आधी काढली असेल, तर प्लंजर होता त्याच जागी राहून हातात येतो. बाहेर आलेले दात मोजा आणि किलोमीटरसकट वहीत लिहा. माझ्या वहीत चार, चार, पाच अशी नोंद आहे. शेवटचे एक-दोनच दात उरले असतील तर नवा टेन्शनर घालून भागणार नाही, चेन आणि गाईड बदला. प्लंजर अंगठ्याने मागे दाबून पाहा. कुत्रं (दातात अडकणारी खिट्टी) न उचलता तो मागे गेला तर रॅचेट संपलं.

टेन्शनर बाहेर असताना किक मारू नका, सेल्फ देऊ नका, गिअरमध्ये गाडी ढकलू नका. चेनने तिच्या चक्राचा दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

बसवताना कुत्रं उचलून प्लंजर पूर्ण आत दाबा, नवं गॅस्केट लावा, दोन्ही बोल्ट आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरे. ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. मग स्प्रिंग आणि मधला बोल्ट. स्प्रिंग दाबताना आतून कट्-कट् ऐकू यायला हवं. नाही आलं तर पुन्हा काढा.

रॅचेटऐवजी स्क्रूवर चालणाऱ्या टेन्शनरमध्ये मागच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हरने प्लंजर आत घेऊन तसाच धरायचा, बॉडी बसवायची आणि मग सोडायचा.

शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, टायमिंगच्या खुणा तपासा. सगळं मोकळं फिरलं की प्लग लावून गाडी सुरू करा, आणि दुसऱ्या दिवशी गॅस्केटच्या कडेने बोट फिरवून तेल येतंय का ते पाहा.