टक्कर कुणाच्या चुकीनं? फॉर्म्युला वनमधल्या घटना स्ट्युअर्डसारख्या तपासण्याची रीत

दोन गाड्या वळणात शिरतात, एकच धड बाहेर येते. चूक कुणाची याचं उत्तर बहुतेकांकडे रिप्लेच्या आधीच तयार असतं, कारण ते गाडीचा रंग बघून ठरलेलं असतं. स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीतल्या घटनांवर निर्णय देणारे अधिकारी, ठरावीक क्रमानं प्रश्न विचारत जातात आणि तो क्रम टीव्हीसमोर बसूनही पाळता येतो. ड्रायव्हिंगची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून आहेत, पण एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेनं ती पेनल्ट्यांच्या (शिक्षांच्या) तक्त्यासह सगळ्यांसाठी खुली केली ती जून २०२५ मध्ये. खालची रीत त्या आवृत्तीवर आणि गेल्या काही वर्षांतल्या प्रत्यक्ष निकालांवर बेतली आहे.

आधी प्रकार ठरवा

घटना पाच प्रकारांत बसते का ते बघा: आतून ओव्हरटेक, बाहेरून ओव्हरटेक, सरळ पट्ट्यावरचा बचाव, ट्रॅक सोडून मिळवलेला फायदा, आणि बाहेर गेल्यावर धोकादायक पद्धतीनं परत येणं. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. वळणाचा नियम ब्रेकिंगच्या पट्ट्याला लावला की पुढची सगळी चर्चा वाया जाते, आणि निम्मी भांडणं नेमकी इथेच बिघडतात.

दुसरी गोष्ट इथेच पक्की करा. परिणाम किती मोठा झाला यावर शिक्षा सहसा ठरत नाही. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या कॉप्स वळणावर हॅमिल्टनची गाडी लागून व्हर्स्टापेन ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) धक्क्यानं टायरच्या भिंतीवर आदळला. हॅमिल्टनला १० सेकंदांची शिक्षा मिळाली आणि तरीही त्यानं शर्यत जिंकली. राग येणं साहजिक आहे, पण स्ट्युअर्डनी तपासली ती गाडी चालवण्याची पद्धत. कोण कुठल्या भिंतीवर गेलं हा वेगळा विषय.

कुठला रिप्ले बघायचा

पहिल्यांदा पूर्ण वेगात बघा. स्लो मोशनमध्ये ड्रायव्हरला विचार करायला भरपूर वेळ होता असं वाटतं आणि प्रत्येक हालचाल मुद्दाम केल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात वळणात शिरण्यापासून टक्कर होईपर्यंत एखाद-दुसरा सेकंदच असतो.

मग कॅमेरे बदला. ट्रॅकबाजूचा लांब लेन्सचा कॅमेरा गाड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दाखवतो, त्यामुळे गाडी नसतानाही बरोबरीला आल्याचा भास होतो. ऑनबोर्डची, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याची, लेन्स रुंद असते, तिच्यात उलट अंतर जास्त दिसतं. बरोबरी मोजायला हेलिकॉप्टरचं दृश्य सर्वांत विश्वासू. स्टीअरिंग कधी वळवलं हे बघायला बचाव करणाऱ्याचा ऑनबोर्ड हवा, आणि ब्रेक कधी लॉक झाले (चाक फिरायचं थांबून घसरू लागलं) ते हल्ला करणाऱ्याच्या. स्ट्युअर्डकडे याखेरीज जीपीएस, ब्रेक, थ्रॉटल आणि स्टीअरिंगचा डेटा व रेडिओवरचं बोलणं असतं.

आतून ओव्हरटेक: पुढची चाकं आणि आरसा

एपेक्स म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ येते तो बिंदू. त्याच्या किंचित आधी व्हिडिओ थांबवा. हल्ला करणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारी काल्पनिक आडवी रेषा, समोरच्याच्या आरशापर्यंत आला आहे का? गाडीचं नाक पोचलं असेल तर ते मोजायचं नाही, चाकं मोजायची. आता एक-एक फ्रेम पुढे सरका आणि एपेक्सवर तेच पुन्हा बघा. बरोबरी दोन्ही ठिकाणी हवी.

उत्तर ‘हो’ असेल तर आतल्या गाडीला जागा मिळण्याचा हक्क आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. आणखी तीन गोष्टी तपासा: वळणात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत गाडी ताब्यात होती का, बाहेर पडताना समोरच्याला मुद्दाम ट्रॅकबाहेर ढकललं का, आणि स्वतःला पांढऱ्या रेषेच्या आत राहून ते वळण घेता आलं का. उशिरा ब्रेक मारून नुसतं घुसायचं, एपेक्सला पहिलं पोचायचं आणि मग दोघांनीही बाहेर जायचं, ही पळवाट शेवटच्या अटीनं बंद होते.

बाहेरून ओव्हरटेक: इथे आरसा पुरत नाही

बाहेरून जाणाऱ्यासाठी अट कडक आहे. एपेक्सवर त्याचा पुढचा अ‍ॅक्सल दुसऱ्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे हवा. तरच बाहेर पडताना त्याला जागा सोडावी लागते.

ही अट कशी काम करते ते एका आठवड्याच्या अंतरानं झालेल्या दोन घटनांत छान दिसतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्टिनला नॉरिस बाराव्या वळणावर व्हर्स्टापेनच्या बाहेरून गेला. दोघेही ट्रॅकबाहेर गेले आणि नॉरिस पुढे निघाला. एपेक्सवर तो पुढे नव्हता, म्हणून जागेचा हक्क नाही, आणि ओव्हरटेक ट्रॅकबाहेर झाला. ५ सेकंद, तिसरा क्रमांक गेला. पुढच्याच रविवारी मेक्सिकोत चौथ्या वळणावर हेच दोघे, नॉरिस पुन्हा बाहेरून. यावेळी तो वळणात शिरताना आणि एपेक्सवर पुढे होता, त्यामुळे त्याला बाहेर ढकलल्याबद्दल व्हर्स्टापेनला १० सेकंद. थोड्या वेळानं ट्रॅक सोडून फायदा घेतल्याबद्दल त्याला आणखी १०. निकाल उलटे आले तरी मोजपट्टी एकच होती.

ऑस्टिनचा निकाल मला तरी पटत नाही. आतला ड्रायव्हर स्वतःच वळणात मावला नाही, तर एपेक्सला पहिलं पोचण्याला किती किंमत द्यायची? पण न पटणं वेगळं आणि नियमात न बसणं वेगळं.

मोजपट्टी फसते कुठे

थांबवलेल्या फ्रेममध्ये गाडी कुठे आहे ते दिसतं, ती तिथे कशामुळे आली ते दिसत नाही. म्हणून अ‍ॅक्सल मोजून झाल्यावर दोन-तीन सेकंद मागे जा आणि बघा: ताबा पहिल्यांदा कुणाचा सुटला?

झांडव्होर्ट, २०२५. पहिल्या वळणावर सेन्झ लॉसनच्या बाहेरून जात होता आणि टक्कर झाली. सेन्झचा अ‍ॅक्सल एपेक्सवर पुढे नव्हता, म्हणजे जागेचा हक्क नाही, म्हणून १० सेकंद आणि २ पेनल्टी पॉइंट. सेन्झच्या विल्यम्स संघानं पुनर्विचाराचा अर्ज केला आणि शर्यतीच्या वेळी उपलब्ध नसलेलं चित्रण पुढे ठेवलं: सेन्झच्या गाडीवरच्या ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचं आणि लॉसनच्या मागे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं. त्यात लॉसनची गाडी क्षणभर त्याच्या हातातून सुटलेली दिसली. निकाल फिरला, घटना ‘रेसिंग इन्सिडंट’ (दोष एकट्या कुणाचा नाही) ठरली आणि पॉइंट पुसले गेले. सेकंद मात्र परत मिळाले नाहीत, कारण ते शर्यतीतच भोगून झाले होते.

ब्राझील, २०२५. सगळ्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार आत गेल्यावर पियास्त्री पहिल्या वळणात अँटोनेलीच्या आतून शिरला, अँटोनेलीच्या बाहेर लक्लेर. पियास्त्रीची पुढची चाकं आरशापर्यंत पोचलेली नव्हती आणि टक्कर टाळताना त्याचं चाक लॉक झालं. तो अँटोनेलीला लागला, अँटोनेली लक्लेरवर गेला आणि लक्लेरची शर्यत तिथेच संपली. पूर्ण दोष पियास्त्रीवर ठेवून त्याला १० सेकंद दिले गेले. बाद झालेल्या लक्लेरला स्वतःलाही सगळा दोष पियास्त्रीचा वाटला नाही. अँटोनेलीला आतली गाडी दिसली होती का आणि त्यानं तिला जागा सोडली का, हे प्रश्न अ‍ॅक्सल आणि आरशाच्या हिशेबात मागे पडले. कागदावर निकाल बरोबर आहे. तो रुचत नाही, कारण एवढ्या मोजणीवर दोषाची वाटणी करता येत नाही.

सरळ पट्टा आणि ब्रेकिंग

बचाव करताना दिशा एकदाच बदलता येते. आधी रेसिंग लाइन (वळण सर्वांत वेगात घ्यायची रेषा) सोडून आत आलेला ड्रायव्हर पुन्हा लाइनकडे सरकत असेल, तर वळणाआधी त्यानं ट्रॅकच्या कडेपर्यंत एका गाडीएवढी जागा ठेवायला हवी. २०२५ पर्यंतच्या गाड्यांची रुंदी २ मीटर होती, २०२६ च्या नियमांत ती १.९ मीटर झाली.

सरकणं ब्रेक लावण्याआधी झालं की लावल्यावर, हे ओळखायला मागचा लाल दिवा बघू नका, तो ब्रेकचा दिवा नाही. ऑनबोर्डवर इंजिनाचा आवाज कुठे तुटतो ते ऐका आणि स्टीअरिंग त्यानंतर हललं का ते बघा. ब्रेकिंगमध्ये मागचा ड्रायव्हर आपली रेषा बदलू शकत नाही, म्हणून ही चूक सर्वांत धोक्याची. २०२४ मध्ये ऑस्ट्रियात ६४ व्या फेरीत व्हर्स्टापेन तिसऱ्या वळणाआधी डावीकडे सरकला, नॉरिसला लागला आणि दोघांचेही टायर फुटले. व्हर्स्टापेनला १० सेकंद, नॉरिस बाद, आणि जिंकला मागून आलेला रसेल.

अचानक ब्रेक मारण्याच्या तक्रारीत टीव्हीवरून निकाल काढायच्या फंदात पडू नका. तिथे आकडेच बोलतात. २०२१ मध्ये जेद्दाला हॅमिल्टनला जागा परत देताना व्हर्स्टापेननं ६९ बार दाबाचा ब्रेक लावला आणि गाडी २.४ जीनं मंदावली, असं स्ट्युअर्डनी नोंदवलं. चित्रात फक्त हॅमिल्टन मागून धडकलेला दिसत होता.

पांढरी रेषा

ट्रॅकच्या कडेची पांढरी रेषा ट्रॅकचा भाग आहे, तिच्या बाहेरचा रंगीत उंचवटा, म्हणजे कर्ब, नाही. गाडीचा एकही भाग रेषेला लागलेला नसेल तेव्हाच ती बाहेर गेली असं धरतात. शर्यतीत तीनदा बाहेर गेल्यावर इशाऱ्याचा काळा-पांढरा झेंडा, चौथ्यांदा ५ सेकंद. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात अशा संशयित नोंदी १२०० च्या वर गेल्या आणि निकाल शर्यत संपल्यावर काही तासांनी बदलत राहिला. पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांच्या बाहेर खडीचा पट्टा टाकला आणि कटकट बरीचशी मिटली.

ट्रॅक सोडून जागा मिळवली किंवा राखली, तर ती परत देणं हाच स्वस्त मार्ग. २०२५ मध्ये जेद्दाला पहिल्याच वळणावर व्हर्स्टापेननं चिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून पियास्त्रीच्या पुढची जागा राखली आणि परत दिली नाही. तक्त्याप्रमाणे १० सेकंद लागले असते. पहिली फेरी, पहिलं वळण म्हणून ५ वर सुटका झाली. तो शेवटी पियास्त्रीच्या मागे ३ सेकंदांपेक्षाही कमी अंतरावर संपला.

शिक्षेचा हिशेब

५ किंवा १० सेकंद पुढच्या पिट स्टॉपला (टायर बदलायला थांबताना) भोगायचे असतात. गाडी थांबल्यापासून वेळ संपेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. पुन्हा पिटला येणार नसेल तर सेकंद शेवटच्या वेळेत मिळवतात. २०२३ मध्ये जेद्दाला अलोन्सोचे ५ सेकंद भोगून होत असताना मागचा जॅक गाडीला टेकला. त्यावरून आणखी १० सेकंद लावून तिसरा क्रमांक काढून घेतला आणि संघानं दाद मागितल्यावर काही तासांत परत दिला.

त्याहून कडक शिक्षा म्हणजे ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिटमधून जाणं) आणि १० सेकंदांचा स्टॉप-गो (पिटमध्ये १० सेकंद थांबून निघणं). शेवटच्या ३ फेऱ्यांत किंवा शर्यतीनंतर ठोठावले तर त्यांच्या जागी अनुक्रमे २० आणि ३० सेकंद लावतात. बाद झालेल्या ड्रायव्हरला पुढच्या शर्यतीच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, मागे ढकलतात. २०२१ मध्ये माँझात हॅमिल्टनच्या गाडीवर चढलेल्या व्हर्स्टापेनला सोचीत ३ जागांची शिक्षा झाली ती अशी.

पेनल्टी पॉइंट निराळे मोजतात. १२ महिन्यांत १२ झाले की एका शर्यतीची बंदी. २०१४ पासूनच्या या पद्धतीत पहिली बंदी २०२४ मध्ये मॅग्नुसनवर आली आणि बाकूला त्याची गाडी बेअरमननं चालवली.

कागद वाचा

निकालाचा कागद एफआयएच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी येतो, सहसा पानभराचाच. त्यात ड्रायव्हर गाडीच्या क्रमांकानं ओळखायचा. घटना, गुन्हा, निर्णय आणि कारण असे भाग असतात. थेट कारणावर जा. ‘पूर्णपणे जबाबदार’ आणि ‘मुख्यतः जबाबदार’ हे दोन शब्दप्रयोग शोधा. दोन्ही नसतील तर टकरीबद्दल पेनल्टी सहसा नसते. रेसिंग इन्सिडंट म्हणजे चूक झालीच नाही असं नव्हे, ती एकाच्या माथी मारता आली नाही एवढंच. दंड तक्त्यापेक्षा कमी असेल तर त्याचं कारणही तिथेच लिहिलेलं सापडतं, जेद्दासारखं.

सरावाला एक जुनी घटना घ्या: २०११, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, पहिली इंडियन ग्रां प्री, २४ वी फेरी, पाचवं वळण. मास्सा पुढे, हॅमिल्टन आतून. मास्सा आत वळला, टक्कर झाली आणि ड्राइव्ह-थ्रू मास्साला मिळाली. तेव्हा आरशाची मोजपट्टी लिहिलेली नव्हती. व्हिडिओ एपेक्सच्या आधी थांबवा, हॅमिल्टनची पुढची चाकं कुठवर आली आहेत ते बघा, मग मास्साच्या ऑनबोर्डवर त्यानं आरशात बघितल्यानंतर स्टीअरिंग वळवलं का ते तपासा. निकाल आधी कागदावर लिहून ठेवा आणि मगच मित्राशी वाद घाला.