चिंच, सोडा आणि ॲसिड : घरात या चुका टाळा

तूरडाळ पाऊण तास उकळतेय आणि दाणे अजून टचटचीत. झाकण काढलं तर वर आमसुलं तरंगताना दिसतात. दोष मात्र डाळीला, 'जुनी असेल'. खरं कारण त्या आमसुलांत आहे. डाळीतल्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात. हे पेक्टिन सुटलं की डाळ शिजली. आम्लात ते सुटायला फार वेळ घेतं. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो जे काही असेल ते डाळ घोटल्यावरच घाला. बोअरच्या जड पाण्यातही हाच त्रास होतो, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. अशा घरी डाळ आधी भिजवावी आणि शक्य असेल तर फिल्टरच्या पाण्यात शिजवावी.

यावर उपाय म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घातला जातो. डाळ शिजते हे खरं, पण सोडा पाणी आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं करतो आणि त्यात ब-१ जीवनसत्त्वाची नासाडी होते. जरा जास्त पडला तर चवही साबणासारखी लागते. रोजच्या वरणात तो नकोच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एका पालकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, याला पित्ताचा त्रास आहे. डाळीत अमिनो ॲसिड असतं म्हणतात, मग डाळ बंद करू का?" नाही हो! अमिनो आम्लाच्या एकाच रेणूत आम्लाचा गट असतो आणि आम्लारीचाही. जेवणातली अमिनो आम्लं प्रथिनांत एकमेकांना जोडलेली असतात. त्यांनी चिंचेसारखा आंबटपणा येत नाही. तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते भातातून मिळतं. पित्ताच्या भीतीने मुलाचा वरण-भात तोडणं मला फार वाईट वाटतं.

आता साफसफाई. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने फारसं काही निघत नाही. नळावरच्या पांढऱ्या थराला नुसतं व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा, तेलकट ओट्याला नुसता सोडा चोळा.

सगळ्यात घातक चूक माझ्याच घरात झाली. संडासात ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकून ठेवलं होतं. डाग गेला नाही म्हणून मी त्यावरच ब्लीच ओतलं. दोन-तीन श्वासांत घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. तो क्लोरीन वायू होता, पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या इप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता तोच. तो हवेपेक्षा जड असल्याने लहानशा बंद संडासात खालीच साचून राहतो. असं झालं तर फ्लश करायलाही थांबू नका. बाहेर पडा, दार उघडं राहू द्या, मोकळ्या हवेत जा. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना. आणि या दोन बाटल्या एका फळीवर ठेवू नका.

ॲसिड अंगावर उडालं तर त्यावर सोडा चोळू नका. आम्ल आणि आम्लारी भेटले की उष्णता निघते, भाजलेल्या कातडीला तीही सोसावी लागते. कपडा काढून वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तसंच धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं असेल तर उलटी काढायची नाही. लिंबूपाणी, सोडा काही पाजायचं नाही. बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, म्हणजे नेमकं काय पोटात गेलंय हे डॉक्टरांना लेबलवरून कळतं.