"करण्यात यावे"च्या आड लपलेला घोळ

नोकरीतला पहिला रिपोर्ट दिला तेव्हा मी जाम खूश होते, 14 पानं, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि सरांनी दहा मिनिटांत परत दिला, म्हणाले, "छान आहे, पण करायचं काय ते कुठंय?" राग आला खरं तर. घरी येऊन माझंच एक वाक्य मोठ्यानं वाचलं: "प्रणाली अद्ययावत करण्यात आल्यानंतर सर्व वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याबाबत सूचित करण्यात यावे." मलाच धाप लागली. मग सोपं करायला घेतलं, "अपडेट झालं की सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगायचं", आणि तिथंच अडकले. सांगणार कोण? सपोर्टवाले की टीम लीड? ते ठरलंच नव्हतं! "करण्यात यावे"च्या आड मस्त लपून बसलेलं.

तेव्हापासून ड्राफ्ट झाला की पहिला सर्च मारते तो "करण्यात" वर. सापडलं की कर्ता घालायचा, आणि घालता येत नसेल तर घोळ भाषेत नाही, कामातच आहे, सरळ फोन करून विचारायचं.

रीडेबिलिटी स्कोअरच्या (मजकूर वाचायला किती सोपा ते सांगणारा आकडा) नादाला मराठीत लागू नका. तो काढायचा रुडॉल्फ फ्लेशचा 1948 चा फॉर्म्युला इंग्रजीसाठीचा, तो वाक्यात शब्द किती आणि शब्दात सिलेबल (उच्चाराचे तुकडे) किती एवढंच बघतो. आपल्याकडे "मित्रांबरोबरसुद्धा" केवढा लांब पण कुणीही वाचेल, आणि "ऋजू" एवढुसा, त्याला माणूस अडखळतो.

दिसण्याचं म्हणाल तर लाइन स्पेसिंग 1.5 ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ रेषेत) नको, आपले लांब शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत आणि मधे भगदाडं पडतात. बोल्ड अगदी कमी (मी अर्धं पान बोल्ड केलेलं, असो).

हेडिंगवर मात्र वेळ घालवा. "निष्कर्ष" वाचून कुणाला काय कळणार? मी तिथं "सर्व्हर रविवारी बंद ठेवावा लागेल" लिहिलं आणि ते उचलून पहिल्या पानावर आणलं.

14 ची 5 पानं झाली. रिपोर्ट परत आलाच, पण या वेळी समासात पेनानं लिहिलेलं, "रविवारी का? शनिवारी नाही जमणार?"