रब्बीच्या भाजीपाल्यासाठी हिस्सेदार कुटुंबं पेरणीआधीच ठरवा

पाऊस ओसरत आला, रोपवाटिका टाकायची वेळ झाली. शहरापासून दीड-दोन तासांवर ज्यांचं थोडं बागायत आहे, त्यांनी यंदा निदान अर्धा-पाऊण एकर समुदाय-आधारित शेतीला द्यावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

यात काही कुटुंबं हंगामाचे पैसे आधी देतात आणि दर आठवड्याला पिकेल त्यातला आपला हिस्सा नेतात. जपानात १९७०च्या दशकात ही पद्धत ‘तेइकेई’ नावाने रुजली. अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर तिची सुरुवात झाली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रम याच वाटेने गेला. आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही; फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे.

दर ठरवताना मार्केटचा भाव बघू नका, खर्च बघा. बियाणं, खत, मजुरी, वाहतूक आणि घरच्या माणसांचे कष्टही त्यात धरा. बहुतेक जण इथेच स्वतःला फुकट राबवतात. समजा सगळं मिळून ९६,००० रुपये आले, तर २० कुटुंबांना प्रत्येकी ४,८०० पडतील. डिसेंबर ते मार्च या १६ आठवड्यांत विभागले की आठवड्याला ३०० झाले.

आता लागवड. कुटुंबाला आठवड्याला ४ किलो म्हणजे २० घरांना ८० किलो माल लागेल. १०० किलोचा हिशोब धरा. मेथी २५-३० दिवसांत, मुळा ४०-४५ दिवसांत निघतो, गाजराला तीन महिने लागतात. म्हणून मेथी-पालक एकदम टाकू नका, दर १०-१२ दिवसांनी दोन-दोन वाफे पेरा. टोमॅटोचं बी ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाकलं, तर पहिला तोडा जानेवारीत येईल. सुरुवातीच्या टोपल्यांत पालेभाजीच जास्त असेल, हे पैसे घेतानाच सांगून टाका.

नुकसानीचंही तसंच. गारपिटीने पीक गेलं तर त्या आठवड्यात भाजी कमी येईल आणि पैसे परत मिळणार नाहीत, हे कागदावर लिहून सही घ्या. ही अट ज्यांना जड जाते, किंवा ज्यांना दर आठवड्याला भेंडीच हवी असते, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. महिन्यातून एक शिवारफेरी ठेवा. करप्याने गेलेला प्लॉट डोळ्यांनी पाहिलेलं घर पुढच्या वर्षीही टिकतं.

सेंद्रिय म्हणून द्यायचं असेल तर पीजीएस-इंडियाचा गट करा (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय प्रमाणपत्र देण्याची ही सरकारी पद्धत), त्याला किमान पाच शेतकरी लागतात. गट असला की एकाची कोबी कमी पडली तर दुसऱ्याची चालते.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. पाच-सहा एकर नुसता कांदा किंवा सोयाबीन करणाऱ्याला, किंवा मार्चपर्यंत विहिरीला पाणी न टिकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. खरा फायदा होतो तो अल्पभूधारकाला, कारण बियाण्याला पैसा हवा तेव्हाच तो हातात येतो आणि उसनवारी टळते. गावातल्या मजूर बायकांना चार महिने नेमाने काम मिळतं. घेणाऱ्या घरांना भाजी कुणी, कशी पिकवली हे ठाऊक असतं.

पहिल्या वर्षी २० च्या वर कुटुंबं घेऊ नका, उरलेल्या रानातला माल नेहमीसारखा मार्केटला जाऊ द्या. निम्मे पैसे बी टाकण्याआधी, निम्मे पहिल्या टोपलीला घ्या.